घरभेटीची तालीम

मावशींच्या घरात स्वयंपाकघर सोडून खोल्या दोन, माणसं तीन आणि गुपित एक. खोल्या आणि माणसं अख्ख्या इमारतीला ठाऊक होती. गुपित मात्र आपल्या तिघांपलीकडे कुणाला ठाऊक नाही, अशी मावशींची पक्की समजूत. ते गुपित असं की या घरात स्वयंपाक मुलगा करत होता.

एवढ्याशा गोष्टीचं काय गुपित करायचं, असं कुणी म्हणेल. पण मावशींना विचारून बघा. नवरा होता तोवर त्याला त्यांनी पाण्याचा पेलासुद्धा स्वतःच्या हाताने भरून घेऊ दिला नव्हता. पुरुषाच्या हातात पळी दिसली की घरातली बाई आजारी आहे किंवा आळशी आहे, असंच त्या आजवर समजत आल्या. आणि आता त्यांचाच पोटचा गोळा, एवढा धिप्पाड, रोज सकाळी पीठ मळायला बसायचा. बसायचा म्हणजे उंच स्टुलावर. पाठ वाकत नव्हती त्याची.

मुलगा पत्र्याची छपरं घालायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, आईसुद्धा लाडात आली की मिस्त्रीच म्हणायची. इस्पितळाच्या लाँड्रीचं छप्पर गळत होतं, ते बघायला तो वर चढला, तिथे त्याच्या नशिबाची गाठ पडली. खाली वाफेच्या ढगात एक मुलगी मोठ्या यंत्रावर चादरींना इस्त्री करत होती. ती मान वर करून म्हणाली, "ओ मिस्त्री, भोकं बुजवा, पण एखादं ठेवा. तेवढीच हवा येते." बोलणं इथलं, हेल कुठला तरी दूरचा. मिस्त्रीला इतकं हसू आलं की हातातला हातोडा खाली पडला. एक छप्पर दुरुस्त करायला मग त्याला तीन आठवडे लागले.

मुलगी परदेशची. तिकडे शाळेत गणित शिकवायची. इथे आली तेव्हा त्या पदवीच्या कागदाला कुणी विचारलं नाही. लाँड्रीत हातांची गरज होती आणि तिला हात होते. भाषा ती तिथल्या बायकांकडूनच शिकली, त्यामुळे पहिल्यांदा घरी आली तेव्हा मोठ्या आदराने मावशींना नमस्कार करून तिने असा एक शब्द वापरला की मिस्त्रीला ठसका लागला. तिला वाटलं होतं, त्याचा अर्थ 'मोठ्या मनाच्या' असा आहे.

लग्न झालं, पण मावशी दोन महिने तिच्याशी बोलल्या नाहीत. इमारतीतल्या बायकांनी तिला पाहुणी म्हणायला सुरुवात केली. पाहुणी म्हणजे आज आहे, उद्या नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई तर तोंडावर म्हणायची, "काय मावशी, पाहुणीने आज चहा दिला की तुम्हीच दिलात?" जिभेला हाड नव्हतं त्या बाईच्या, पण मनात काही ठेवायची नाही. पुढे पुढे पाहुणी हे नावच पडलं, आणि नावातला काटाही झिजून गेला.

पहिलं वर्षभर सुनेने लाँड्री आणि घर दोन्ही सांभाळलं. पहाटे पाचला घराबाहेर, संध्याकाळी सातला परत, आणि आल्यावर स्वयंपाकघर. मावशींच्या हातांचे सांधे धरलेले, त्यांना काही करवत नव्हतं. त्या स्टुलावर बसून चुका काढायच्या. मग मिस्त्री एका गोदामाच्या छपरावरून पडला. सात महिने अंथरुणात गेले. लाँड्री, नवऱ्याचं आजारपण, घर, एकटी बाई सगळं ओढत होती. एका संध्याकाळी मावशींनी बघितलं, सून परातीपुढे उभी आहे, हात कोपरापर्यंत पिठात आणि डोळे मिटलेले. उभ्या उभ्या झोपली होती. मिस्त्री भिंत धरत धरत आला, तिचे हात पिठातून काढून ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाला, "दिवसभर हे हात वाफेत असतात. घरात त्यांना सुट्टी. यापुढे तू इथे पाऊल टाकायचं नाहीस."

आणि खरोखर टाकू दिलं नाही. स्वयंपाकघर त्याने आपल्या पाठीला सोसेल असं लावून घेतलं. खाली काही नाही, वर काही नाही, सगळं कमरेच्या उंचीवर. पिठाचा डबा खुर्चीवर, तेलाची बाटली खिडकीच्या कट्ट्यावर, मीठ एका जुन्या खिळ्यांच्या डब्यात. शेगडी मोडली तेव्हा कुणीतरी टाकून दिलेली शेगडी आणून त्याने स्वतःच दुरुस्त केली. मावशींनी स्टुलावर बसून त्याला एकेक गोष्ट शिकवली. "अरे, कांदा आहे तो, पत्रा नाही! हळू काप." आतल्या आत त्यांना ते दिवस आवडले होते. कबूल मात्र केलं नाही कधी. तो रांधायला लागला की त्या खिडकीचा पडदा ओढायच्या आणि जिन्यात कुणी भेटलं की मोठ्याने म्हणायच्या, "चला, सूनबाई सकाळी सगळं करून गेलीय, गरम करून वाढते झालं."

अडीच वर्षं अशी गेली. आणि सांगायला हवं की याच अडीच वर्षांत मावशींच्या मनाने पलटी खाल्ली. सून रात्री त्यांच्या बोटांच्या सांध्यांना गरम फडकं लावून शेकायची, लाँड्रीत शिकलेली कला. शेकता शेकता तिकडच्या शाळेतल्या गमती सांगायची. आठवड्यातून दोनदा मावशी कीर्तन ऐकायला जायच्या. तिथून आल्या की ऐकलेलं सगळं, गाण्याच्या चालीसकट, सुनेला ऐकवायच्या. सून म्हणायची, "आई, तुमचा देव गणितात कच्चा आहे. एवढ्या पापांना एवढीशी माफी?" मावशी खोटं खोटं रागवायच्या आणि पुढच्या वेळी महाराजांना ते विचारायचं ठरवायच्या. पोटची मुलगी नव्हती त्यांना. आता आहे असं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात ते पत्र आलं.

लग्नाला चार वर्षं झाली की परदेशच्या बायकोला कायम राहण्याचा दाखला मिळायचा. पण त्याआधी दाखला देणाऱ्या कचेरीची माणसं घरी यायची, लग्न खरं की कागदावरचं हे बघायला. पत्रात तारीख होती, मंगळवार, सकाळी दहा. दाखला मिळाला नाही तर तीस दिवसांत देश सोडायचा, हेही खाली बारीक अक्षरांत होतं. मिस्त्रीने तीनदा वाचून दाखवलं आणि म्हणाला, "येऊ देत. आपल्यात काय लपवायचंय?"

मावशी पत्राबद्दल शिंपीणबाईकडे बोलल्या, आणि तिथेच माती खाल्ली.

"मावशी, जपून हं," शिंपीणबाई दातांत धरलेली सुई सावरत म्हणाली. "माझ्या मावसभावाच्या शेजारी एक होता. घरी लोळत पडायचा, बायको परदेशची, ती कमवायची. कचेरीवाल्यांनी काय म्हणावं? म्हणे, हिने पैसे देऊन नवरा ठेवलाय, दाखल्यासाठी! दिली हाकलून."

मावशींनी मनात ताडून बघितलं. मिस्त्री घरी. कमावती सून. सगळं तंतोतंत.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं. "ऐका. मंगळवारी सांगायचं, स्वयंपाक सूनबाई करते. घर सूनबाई सांभाळते. मिस्त्री जमेल तसं काम करतो."

"आई, मी तीन वर्षांत शिडीवर पाय ठेवलेला नाही," मिस्त्री म्हणाला.

"त्यांना काय माहीत?"

सून म्हणाली, "आई, जे आहे ते सांगू. तेच सोपं. पाठ करावं लागत नाही."

"तुझ्या देशात चालत असेल ते. इथे बाईने कमवायचं आणि पुरुषाने रांधायचं, असं घर कुणाला खरं वाटेल का? नाटक वाटेल नाटक! तुला पाठवून दिली तर? मी काय करू मग?" बोलता बोलता मावशींनी पदराने डोळे पुसले.

ते शेवटचं वाक्य ऐकल्यावर सुनेने मान खाली घातली. चार वर्षांपूर्वी जी बाई तिच्याकडे बघत नव्हती, ती आज तिच्यासाठी रडत होती. तिला नाही म्हणवेना. मिस्त्रीने कपाळाला हात लावला, पण शेवटी तोही 'बरं' म्हणाला. खरं सांगायचं तर, परक्या माणसांपुढे 'मी घरी रांधतो' म्हणायचं त्यालाही थोडं जड जात होतं.

मग तीन संध्याकाळी तालीम चालली. मावशी स्टुलावर परीक्षक होऊन बसल्या.

"मीठ कुठे?"

"खिळ्यांच्या डब्यात."

"तेल?"

"खिडकीत. आई, हे मी वर्गात मुलांना विचारायचे तसं विचारताय. छडी कुठे आहे?"

"हसू नकोस! सकाळी उठून पहिलं काय करतेस?"

"झोपते."

मिस्त्री भाजी परतता परतता मोठ्याने हसला, आणि पाठीत कळ आली म्हणून लगेच विव्हळला. सून डबे उघडून बघायची, हुंगायची, पुन्हा विचारायची. गणिताची बाई ती, तिसऱ्या दिवशी सगळे डबे डोळे मिटून सांगू लागली. भांडी कुठल्या खिळ्याला, फडकी कुठे वाळत घालतात, सगळं पाठ. मावशींना कसला अभिमान वाटला! सोमवारी त्या कीर्तनाला जाऊन आल्या. निरूपण सत्यावर होतं. मावशींनी नेहमीसारखी मान डोलवली, डोळे पुसले आणि घरी येऊन सुनेकडून एकदा सगळं म्हणवून घेतलं. माणसाचं मन असं असतं. एका कानाने देवाचं ऐकतं आणि दुसऱ्याने आपलंच.

मंगळवारी दहाला दोन माणसं आली. एक पन्नाशीच्या बाई, चष्मा गळ्यात दोरीला लटकवलेला, चेहरा दमलेला पण वाईट नाही. बरोबर एक तरुण कारकून, मांडीवर फाइल घेऊन लिहायला तयार. बाईंनी तिघांना वेगवेगळं बसवलं. मिस्त्री आतल्या खोलीत, सून स्वयंपाकघरात, मावशी बाहेरच्या खोलीत. आधी मावशींची पाळी.

"घरातली कामं कोण करतं, मावशी?"

"सून हो! दुसरं कोण करणार?" मावशी इतक्या जोरात म्हणाल्या की कारकुनाने मान वर केली. "पहाटे उठते, सगळं आवरते, रांधते. दुपारी नवऱ्याला गरम गरम वाढते. माझ्या मुलाला पाण्याचा पेला हातात घ्यावा लागत नाही."

"दुपारी वाढते?"

"रोज! एक दिवस चुकवत नाही."

बाईंनी चष्मा लावला आणि फाइलमधला एक कागद बघितला. लाँड्रीने दिलेला होता तो. पहाटे साडेपाच ते संध्याकाळी साडेसहा, आठवड्यातले सहा दिवस. कारकुनाने लिहून घेतलेलं पान त्यांनी पुढे केलं. म्हणाल्या, "इथे सही करा, मावशी." मावशींनी दुखऱ्या बोटांनी हळूहळू, अक्षर नीट यावं म्हणून ओठ दाबून, सही केली.

मग बाई स्वयंपाकघरात गेल्या. मावशी दाराआडून कान देऊन उभ्या.

"मीठ कुठे असतं?" "खिळ्यांच्या डब्यात." "तेल?" "खिडकीत." पटापट, एकही चूक नाही. मावशींनी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

"छान," बाई म्हणाल्या. "आम्हाला काही घ्यायची परवानगी नाही. पण तुम्ही घरच्यांसाठी चहा करा बघू. मी बसते इथे."

सुनेने पातेलं घेतलं, पाणी घातलं, शेगडीवर ठेवलं. बटण फिरवलं, काडी लावली. पेटेना. दुसरी काडी. पेटेना. तिसरी बोटांपर्यंत जळत आली.

तीन दिवस सगळं शिकवलं होतं. शेगडी पेटवणं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रोज संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा शेगडी पेटलेलीच असायची, मिस्त्री उभा असायचा. आणि ही शेगडी त्याने जोडलेली. तिचं बटण आत दाबायचं, जरासं उलटं फिरवायचं आणि मनात पाच मोजेपर्यंत तसंच धरून ठेवायचं, मग काडी. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

चौथी काडी. पाचवी. स्वयंपाकघरात जळक्या काड्यांचा वास भरला. नुसता काडीचा आवाज येत होता, खर्र, खर्र. आतल्या खोलीत मिस्त्री ते ऐकत होता. त्याला जागेवरून हलायची मनाई होती. सातव्या काडीला त्याचा धीर सुटला. भिंत धरत तो आला, कुणाकडे न बघता बटण दाबलं, उलटं फिरवलं, पाच मोजले आणि शेगडी पेटवली. मग सवयीने चहाचा डबाही उचलला.

"तुम्हाला बरं जमतं," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीने डबा खाली ठेवला. "मीच करतो, बाई. रोज. हिला मी इथे येऊ देत नाही."

"पण तुमच्या आई तर आत्ता..."

"आई घाबरली," सून म्हणाली. "तुम्हाला आम्ही खोटे वाटू म्हणून आम्ही खोटं बोललो. खरं ते आहे जे आत्ता झालं."

बाईंनी जळक्या काड्यांकडे बघितलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मी खूप घरं बघितलीत. खोट्या लग्नातली माणसं डबे पाठ करून ठेवतात. तुम्ही ठेवलेत. आणि पकडलं गेलं की दुसरी गोष्ट सांगतात. तुम्ही सांगितलीत. आता मी यातलं कुठलं खरं धरू? तुम्हीच सांगा."

कारकून लिहीत होता. चहाचं पाणी उकळून उतू गेलं आणि शेगडी आपोआप विझली.

एकवीस दिवसांनी पत्र आलं. दाखला नाकारला. तीस दिवस.

घरात कुणी मावशींना एक शब्द बोललं नाही. त्यांना तेच सोसवेना. मिस्त्री रांधायचा, वाढायचा, "आई, भाजी घे अजून" म्हणायचा. सून कामावरून आली की पहिल्यासारखीच त्यांची बोटं शेकायची, फक्त शाळेतल्या गमती सांगायची नाही. कीर्तनाचा दिवस आला आणि गेला, मावशी उठल्या नाहीत. कुठल्या तोंडाने जाऊन बसायचं? चौथ्या दिवशी त्या जिना उतरून शिंपीणबाईकडे गेल्या आणि दारातच म्हणाल्या,

"मी तुला अडीच वर्षं खोटं सांगितलं. आमच्याकडे स्वयंपाक मिस्त्री करतो."

शिंपीणबाईने मशीन थांबवलं नाही. "हो. मग?"

"मग काय? मिस्त्री करतो म्हणतेय मी!"

"अहो मावशी, अख्ख्या इमारतीला माहीत आहे. अकरा वाजता फोडणीचा वास यायचा, तेव्हा पाहुणी लाँड्रीत असायची. तुम्ही खिडकीला पडदा ओढलात, पण वासाला पडदा कसा ओढणार?" आता तिने मशीन थांबवलं. "वरच्या बायका तर आपापल्या नवऱ्यांना सुनावतात, बघा त्या मिस्त्रीकडे, बायकोसाठी पीठ मळतो म्हणून. आम्हाला वाटायचं, मावशींना बोललेलं आवडत नाही, तर कशाला बोलायचं?"

मावशी मटकन पायरीवर बसल्या. ज्या लोकांपासून लपवायला त्यांनी एवढा आटापिटा केला, त्या लोकांपाशी लपवण्यासारखं काहीच नव्हतं. इमारतीतली बाराच्या बारा घरं त्या दिवशी साक्षीला उभी राहिली असती. कुणीतरी विचारायला मात्र हवं होतं.

"आणि ती तुझ्या मावसभावाच्या शेजाऱ्याची गोष्ट?" त्यांनी विचारलं.

शिंपीणबाईचा चेहरा उतरला. "ऐकलेली होती हो. खरी की खोटी, देव जाणे. मी बोलून गेले."

शिंपीणबाईने त्याच दिवशी कागद केला, वरखाली जिने तुडवून बारा घरांच्या सह्या आणल्या. दुसऱ्या दिवशी दोघी कचेरीत गेल्या. लांबलचक बाक, भिंतीवर आकडे बदलणारी पाटी, समोर काचेच्या खिडक्या. तीन तासांनी नंबर लागला. त्याच बाई होत्या. त्यांनी ओळखलं, बसा म्हणाल्या, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"मावशी, मला हे खरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "तेव्हाही थोडं वाटलं होतं."

"मग?"

बाईंनी फाइलमधून एक पान काढून काचेखालून पुढे सरकवलं. 'सून रोज दुपारी घरी स्वयंपाक करून नवऱ्याला वाढते.' खाली सही. ओठ दाबून, नीट केलेली.

"ती दुपारी लाँड्रीत होती हे लिहिलेलं आहे. ती दुपारी घरी होती हे तुम्ही लिहून दिलंत. घरच्या मोठ्या माणसाच्या साक्षीवर शेजाऱ्यांची साक्ष चढत नाही. निर्णय माझ्या हातून गेलाय. तिने तिकडे जाऊन पुन्हा अर्ज करावा. दीड वर्ष लागतं, कधी दोन."

"मला शिक्षा करा ना. खोटं मी बोलले."

"तसा नियम नाही, मावशी," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला नाही. मावशी उठेपर्यंत थांबल्या.

तीस दिवस काय असतात? चादरी इस्त्री करता करता निघून जातात. सून शेवटच्या आठवड्यापर्यंत कामावर गेली. तिच्या जागी दुसरी मुलगी आली, तिला यंत्र शिकवून आली. लाँड्रीतल्या बायकांनी तिला मिठी मारून असे काही आशीर्वाद दिले की ते घरी सांगता येणार नाहीत, असं ती म्हणाली, आणि त्या महिन्यात घर पहिल्यांदा हसलं.

सीमेकडे जाणारी बस सकाळी साडेनऊला होती. बसस्थानकावर मिस्त्री तिकीट दाखवायला गेला तेव्हा दोघी सामानापाशी उभ्या होत्या. मावशींनी महिनाभर जे ओठांपर्यंत आणून गिळलं होतं ते बाहेर पडलं.

"सूनबाई, माझ्यामुळे झालं हे."

"आई, तुम्ही माझ्यासाठी केलंत."

"नाही गं." मावशींनी मान हलवली. "तसं तू म्हणू नकोस. अर्धं तुझ्यासाठी केलं. अर्धं माझ्या नाकासाठी. मुलगा रांधतो हे सरकारी कागदावर यायला नको होतं मला. शिंपिणीने गोष्ट सांगितली नसती, तरी मी काहीतरी कारण काढलंच असतं."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. ती खोटं बोलली असती तर मावशींना कळलं असतं, आणि हे दोघींना ठाऊक होतं. म्हणून ती 'असू दे' म्हणाली नाही. तिने मावशींचे हात हातात घेतले आणि एकेक बोट हलकेच दाबलं, दहाच्या दहा. मग म्हणाली, "थंडीत फडकं गरम करून घ्या. त्याला सांगून ठेवलंय मी, पण तो विसरेल. आठवण करा." आणि बस लागली.

मिस्त्री बसच्या खिडकीखाली उभा राहिला. दोघं काय बोलले ते मावशींना ऐकू आलं नाही. त्या मुद्दाम लांब उभ्या राहिल्या. बस निघाली तेव्हा तो चार पावलं बरोबर चालला. पळणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

परत येताना त्याला दोनदा वाटेत बसावं लागलं. दुसऱ्यांदा तो एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसला. मावशी शेजारी बसल्या. समोरून मिस्त्रीच्या जुन्या ठेकेदाराची बायको पिशवी घेऊन आली आणि थांबली.

"अगबाई, मावशी! मायलेक कुठे निघालात सकाळी सकाळी?"

मावशींनी पदर सारखा केला. इतकी वर्षं अशा प्रश्नाला त्यांच्याकडे तयार उत्तर असायचं. आज त्या सरळ म्हणाल्या, "सुनेला पोचवून आलो. परत पाठवली तिला. मी कचेरीत खोटं बोलले म्हणून. माझा मुलगा रांधतो, ती कमवायची. मी उलटं सांगितलं."

त्या बाईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "असं होय," म्हणाली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि निघून गेली.

"आई," मिस्त्री रस्त्याकडे बघत म्हणाला, "आता सगळ्यांना सांगत बसणार आहेस का?"

"सांगू दे मला."

त्याने ओट्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, पाठ अडकली, पुन्हा बसला. मावशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला खांदा पुढे केला. त्याने त्यावर हात ठेवला, पण भार टाकला नाही.